रेगे छाप

रेग्यांचा कौलांचा कारखाना खटावकर शेठनी विकत घेतला आणि त्याच महिन्यात गुणाजी मेस्त्री निवृत्त झाले. चौतीस वर्षं त्यांनी साच्यातून कौलं काढली होती. दर पगारातून पेन्शनसाठी पैसे कापू दिले होते. आता म्हातारा-म्हातारीची चूल त्या पेन्शनवरच पेटायची होती.

शेठनी त्यांचा अर्ज परत सरकवला. "मेस्त्री, नाव वाचा. 'रेगे कामगार पेन्शन योजना'. यात खटावकर कुठे आहे? ज्याचं नाव, त्याच्याकडे मागा."

"रेगे तर वारले, शेठ."

"मग मी काय करू?"

गुणाजी बाहेर गेले, शिडी आणून कचेरीच्या भिंतीला लावली आणि चढू लागले.

शेठ धावत बाहेर आले. "अहो, हे काय चाललंय?"

"कौलं उतरवतोय. प्रत्येकावर 'रेगे' उमटलंय, मीच उमटवलंय. ज्याचं नाव, त्याचं. हे छप्पर झालं की साचे काढतो आणि रेग्यांच्या लेकाकडे पोचवतो."

"साच्यांना हात लावू नका! बाजारात रेगे छाप कौलालाच गिऱ्हाईक आहे. ते नाव मी पैसे मोजून घेतलंय."

"मग अर्जावरचंही तेच नाव आहे, शेठ," गुणाजी शिडीवरूनच हळू म्हणाले.

शेठनी पुढे होऊन शिडी धरली.

"उतरा खाली," ते म्हणाले. "आणि तो अर्ज आणा."

योजनेचं नाव तेच राहिलं. खाली सही मात्र खटावकरांची झाली.