अडाण्यांचं अक्षर

"ही खूण कुणाची?"

शिल्लेक गुरुजींनी मत्तानला विचारलं.

सिदोन बंदराच्या किनाऱ्याला सकाळी एका फुटक्या माठाचं खापर लागलं होतं. त्यावर दोन रेघांची फुली. वादळात दोन गलबतं अडकली होती. एकाचा तांडेल मत्तानचा बाप, दुसऱ्याचा शेजारचा अझर. दोघांनाही अक्षराचा गंध नाही. आपापल्या गलबतावरच्या माठांवर दोघेही फुलीच ओढायचे. खापर ज्याच्या माठाचं, त्याचं गलबत बुडालं.

मत्तान पाठशाळेत सगळ्यांत हुशार, आणि तोरा त्याहून जास्त. कालच त्याने गुरुजींना विचारलं होतं, "अलेफ हे अक्षर बैलाच्या डोक्यावरून आलं, बेत घरावरून, अयिन डोळ्यावरून. मग हे शेवटचं अक्षर ताव, ही फुली, कशावरून?"

"कशावरूनच नाही. ज्याला काही काढता येत नाही, त्याच्या हातून आलं. उंटाला डागायचं, माठावर ओढायचं. नुसती खूण."

"म्हणजे अडाण्यांचं अक्षर! त्यात वाचायचं काय, कपाळ?"

ही कालची गोष्ट. आज गुरुजींनी खापर पुढे धरलं.

"गुरुजी, फुल्या सगळ्या सारख्याच..."

"वाच."

 मत्तानने रेघेत बोट घातलं. उभी... मग आडवी...

बाबांचा अंगठा दोरखंडात सापडून मोडलेला. त्यांची आडवी रेघ शेवटी खाली घसरायची. घरच्या रांजणावर ती त्याने लहानपणापासून पाहिली होती.

ही घसरली नव्हती. टोकाशी झोकात वर गेली होती.

"बाबांची नाही!" त्याला रडू फुटलं, हसूही. "सुटलो रे देवा! गुरुजी, ही तर अझरकाकांची..."

त्याने मान वर केली.

पलीकडे अझरची बायको, आरिशातकाकू, आपल्या दारात उभी होती. तिने खापर पाहिलं होतं. ती पायरी उतरली, आणि तिथेच थबकली.

मत्तान गुरुजींकडे वळला. "गुरुजी... तुम्ही सांगा ना काकूंना. तुम्ही वडीलधारे."

गुरुजींनी खापर त्याच्या ओंजळीत ठेवलं.

"मला फुल्या सगळ्या सारख्याच दिसतात, बाळा. वाचता तुला आलं."