गरिबांचं खाणं

साखरेच्या दुखण्यावर औषध शोधायला माणूस उंदरांना पिंजऱ्यात ठेवू लागला, त्या काळातली गोष्ट. वाळवंटातल्या दोन उंदरिणी, खारी आणि तिची धाकटी बहीण भुरी, त्याच्या हाती लागल्या.

वाळवंटात त्या खारट झुडपाची पानं खात. इथं धान्याच्या गोळ्या, हव्या तेवढ्या. भुरी फुगली, घटाघटा पाणी पिऊ लागली, मग तिच्या डोळ्यांवर पांढरा पडदा आला. ते डोळे बघून खारीला चैन पडेना. ती दिवसभर गजांतून गोळ्या बाहेर ढकलायची.

"अगं ताई, भरल्या ताटाला लाथ मारतेस? अवदसा आठवली का तुला?" भुरी ओरडायची.

एक दिवस माणसानं, कुणास ठाऊक काय तपासायला, तीच खारट पानं आत टाकली. भुरीनं हुंगून नाक मुरडलं. "शी! हे तर गरिबांचं खाणं. आता आपले दिवस पालटलेत."

खारीनं पानावरचं मीठ दातांनी खरवडलं आणि पान बहिणीच्या तोंडात कोंबलं.

"हो, गरिबांचंच. गरीब होतीस तेव्हा आभाळातली घार तुला माझ्याआधी दिसायची. आता मी पुढ्यात बसलेय, तरी चाचपडतेस. चाव मुकाट्यानं!"

भुरी रडत, शिव्या देत चावू लागली.