मागच्या बाकातली फळी

त्या राज्यात जुन्याला फार मान होता. फक्त जुनं नेमकं कोणतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

गावातलं ल्युथरन पंथाच्या मंडळीचं लाकडी चर्च एकदा वीज पडून जळलं, एकदा पुरात वाहून गेलं आणि एकदा नुसत्या वाऱ्याने खाली बसलं. दर वेळी मंडळी पहिल्या चर्चची एक फळी वाचवत आणि नव्यात कुठेतरी ठोकत. एवढं केलं की चर्च तेच राहिलं, असं मानायचा रिवाज होता. कुठे ठोकली ते लक्षात ठेवायचा रिवाज नव्हता.

लाकूड पोखरणाऱ्या घूणआजीला मात्र ते पक्कं माहीत होतं. दाराजवळच्या शेवटच्या बाकात, त्याच फळीच्या पोटात तिचं घर होतं. तिथे तिची एकवीस नातवंडं कुरतडत वाढत होती.

यंदा पाळक बगळ्याने जाहीर केलं, "चर्चचा इतिहास लिहायचाय. मूळ लाकूड शोधून काचेच्या कपाटात ठेवू. आधी सुतारपक्षी ते चोचीने आतून साफ करील."

सुतारपक्ष्याने चोच पुसली.

दार म्हणालं, मूळ मीच. रविवारी गायच्या गीतांचे आकडे लावायची पाटी म्हणाली, छे, मी. पाळकाचं प्रवचनाचं व्यासपीठ नुसतं चकाकलं.

लाकडाची पारख चवीने होते, म्हणून साक्षीला घूणआजीला बोलावलं. साक्षीदाराला चोच लावायची नाही, असं बगळ्याने वचन दिलं. नातवंडांबद्दल तो काही बोलला नाही.

"सांग की गं, मीच ती म्हणून," फळी कुजबुजली. "तीन चर्चं पडताना पाहिली मी. जन्मभर उशिरा येणाऱ्यांनी माझ्यावर बूड टेकलं. एकदा तरी पुढे जाऊ दे."

घूणआजीने फळीला कान लावला. आतून एकवीस तोंडांची करकर ऐकू येत होती.

"व्यासपीठ," ती म्हणाली.

"त्याला तर एक भोक नाही!" सुतारपक्षी ओरडला. "मग जुनं कसं गं, म्हातारे?"

"अहो सुतारदादा, एवढं पवित्र लाकूड! दात लावायची छाती कुणाची?"

मंडळीचे डोळे पाणावले. खरं म्हणजे आजीने ते एकदा चाखून थुंकलं होतं. ते खाऱ्या माशांच्या खोक्यांचं होतं.

सुतारपक्षी दिवसभर व्यासपीठावर टकटक करून उपाशीपोटी घरी गेला. व्यासपीठ काचेत गेलं. फळीने आजीशी बोलणं टाकलं.

पण रविवारी बगळ्याने उभं कुठे राहायचं? मंडळीतल्या दोन बोकडांनी शोधाशोध केली आणि शेवटचं बाक ओढत पुढे आणून ठेवलं.

उन्हाळ्यात काच तापली. फटीतून मंद वास येऊ लागला, तशी चर्चची पायरी कधी न चढलेली मांजरं सात गावांहून आली आणि कपाटासमोर डोळे मिटून, मिशा थरथरवत बसली. बगळा बाकावर एका पायावर उभा राहिला. कपाटाकडे पंख करून तो गहिवरला, "पाहा, ही जुन्याची ओढ!" आणि त्याने स्वतःही हळूच लाळ गिळली.

त्याच्या पायाखालून पिवळसर भुकटी जमिनीवर झरत होती.

"हळू खा गं," कित्येक आठवड्यांनी फळी बोलली. "साहेबांचं प्रवचन चाललंय."