घुशीचं मागचं दार

एका राज्यात राजाचं सिंहासन रोज वीतभर जमिनीत जात होतं, आणि राजा काही त्यावरून उठेना. उठला तर राज्य जाईल म्हणे! खाली एक मायावी घूस पोखरत होती. राजा दुर्गमसेन छातीपर्यंत खचला, तेव्हा त्याने राजशिकारी हंबीराला बोलावलं.

"माझी मान मातीखाली जायच्या आत ती घूस आण. नाहीतर तुझी मान धडावर राहायची नाही."

"आज्ञा, महाराज," हंबीर म्हणाला.

हंबीराची शिकार म्हणजे केवढा थाट! पुढे ढोल, मागे ताशे, मिशांना केवड्याचं अत्तर, आणि बिळाशी भालदाराची ललकारी, "राजशिकारी हंबीरराव येत आहेत होऽऽ!" घूस काय बहिरी होती? गड्याने जन्मात घुशीचं शेपूटसुद्धा पाहिलं नव्हतं.

शेवटी तो घुशी खाणाऱ्यांनाच शरण गेला.

ससाणा म्हणाला, "ऊन पाठीवर घेऊ नकोस. बिळावर तुझ्याआधी तुझी सावली पोचते."

कोल्हा म्हणाला, "वारा तोंडावर घे. आणि त्या मिशा धू रे बाबा, मला कोसभरावरून शिंका येतायत."

धामण म्हणाली, "बिळाला मागचं दार असतं. तिथे गप्प बस."

"किती वेळ?"

"हे बघ, बोललासच."

हंबीराने ढोल-ताशे घरी धाडले, मिशा धुतल्या, आणि भाला घेऊन मुदपाकखान्यामागे, बिळाच्या मागच्या दाराशी बसला. मुंग्या चावल्या, तरी हूं नाही की चूं नाही. तिकडे राजा हनुवटीपर्यंत खचला होता.

तेवढ्यात आतून पुटपुट आली, "महाराज, सिंहासनाचा..."

घूस दारात आली. हंबीराने भाला उचलला. पण सिंहासनाचा काय? त्याला राहवेना. त्याने श्वास रोखून भाला खाली ठेवला.

"...एक पाय आखूड आहे. खाली पाचर मारा."

वाक्य संपलं आणि घुशीच्या जागी एक सुतार उभा राहिला!

"मी कोंडाजी. तीनदा दरबारात आलो, तिन्ही वेळा ललकारीने माझं वाक्य तोडलं. चिडून म्हणालो, कुणी पुरतं ऐकेपर्यंत घूस होऊन सिंहासन पोखरीन! मेला मांत्रिक शेजारीच उभा होता. म्हणाला, तथास्तु."

त्याच क्षणी सिंहासन राजासकट वर आलं. कोंडाजीने पाचर ठोकली. राजाने माती झटकत विचारलं, "हंबीरा, घूस मारलीस कशी?"

हंबीराने तोंड उघडलं, तोच भालदार गरजला, "राजशिकारी हंबीररा..."

"चूप!" राजा म्हणाला. "त्याला बोलू दे."

"मारली नाही, महाराज. ऐकली."

राजाने ते पुरतं ऐकून घेतलं. त्या राज्यात सिंहासन पुन्हा हललं नाही.