फुटकी, ये गं घरी!

एक होता कोळीवाडा. तिथल्या होड्यांची नावं मोठी गमतीची. एक होडी सासूबाई. एक झोपाळू. एकीचं नाव उद्या येते.

आणि धोंडूच्या होडीचं नाव फुटकी!

होती नवी कोरी. मग फुटकी का? ऐक. धोंडूची दोन भावंडं लहानपणीच गेली. म्हणून आईने याचं नाव ठेवलं धोंडू. दगडाला कोण नेणार? धोंडू जगला, मोठा झाला. तो म्हणाला, "फुटक्या होडीला तरी दर्या कशाला नेईल?"

फुटकीच्या जाळ्यात एक उंदरीण झोपली. होडी गेली दर्यात. उंदरीणही गेली. काठावर राहिलं तिचं पिल्लू. पिटुकला.

सकाळी पडलं धुकं. पांढरं, दाट धुकं. धुक्यात होडीला नाव घेऊन हाक मारायची, मग होडी आवाजावर येते.

सासूबाई आली. झोपाळू आली. उद्या येतेसुद्धा आजच आली. फुटकी आली नाही. तिला कोणी हाकच मारेना.

पिटुकला निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. गेला पोशाआजोबांकडे.

"आजोबा, आजोबा, शंख फुंका. फुटकीला हाक मारा."

"नाही रे बाबा! दर्यातल्या होडीला फुटकी म्हणू? जीभ झडेल माझी. आधी काकूला म्हणू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु. गेला चांगुणाकाकूकडे.

"काकू, काकू, डबा बडव.
आजोबा शंख फुंकेनात,
फुटकी घरी येईना,
आई माझी मिळेना!"

"शुभ बोल रे मेल्या! असलं नाव मी नाही घेत. आधी काळू भुंकू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु. गेला काळू कुत्र्याकडे.

"काळूदादा, काळूदादा, भुंक रे भुंक.
काकू डबा बडवेना,
आजोबा शंख फुंकेनात,
फुटकी घरी येईना,
आई माझी मिळेना!"

काळूने शेपूट पायांत घातलं. "मला भीती वाटते. आधी आजी हाक मारू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु. गेला हिराआजीकडे. हिराआजी म्हणजे धोंडूची आई. ओल्या वाळूत बसली होती. तोंडावर पदर दाबून.

"आजी, आजी, हाक मार.
काळू काही भुंकेना,
काकू डबा बडवेना,
आजोबा शंख फुंकेनात,
फुटकी घरी येईना,
आई माझी मिळेना!"

आजी म्हणाली, "बाळा, माझा धोंडू आहे रे तिच्यात. ते नाव तोंडातून निघत नाही. आधी कोणीतरी म्हणू दे."

आता कोण उरलं?

पिटुकल्याने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कोणीच नाही उरलं. पिटुकला उरला.

तो पाण्यापाशी गेला. पाय भिजले. पोट भिजलं. मान उंच केली. आणि ओरडला,

"फुटकी, ये गं घरी! आई माझी दे गं!"

एवढासा आवाज. चूं!

पण आजीने ऐकला. तिने पदर काढला. "फुटकीऽऽ! ये गं बाय!"

आजीने हाक मारली, काळू भुंकला. भो भो!
काळू भुंकला, काकूने डबा बडवला. ठण ठण ठण!
काकूने डबा बडवला, आजोबांनी शंख फुंकला. भूंऽऽऽ!

मग सगळ्यांनी कान टवकारले.

धुक्यात काहीच दिसेना.

मग... चुबुक. चुबुक. वल्ह्याचा आवाज!

फुटकी आली. खडकावर आपटलेली. एक फळी खरंच फुटलेली. धोंडू एका हाताने वल्हवत होता, एका हाताने पाणी उपसत होता.

"आये, खडकातच फिरत होतो गं. मग कोणीतरी आमचं नाव घेतलं."

जाळ्यातून उंदरीण निघाली. ओलीचिंब. फुटक्या फळीत अडकून शेपूट अर्धंच उरलेलं. पिटुकला धावला. तुरुतुरु, तुरुतुरु. थेट कुशीत!

पोशाआजोबा म्हणाले, "धोंडू, आता तरी नाव बदल."

हिराआजी म्हणाली, "नको. याच नावाला ती वळली. फळी तेवढी बदल."

फुटकी लागली काठाला,
पिल्लू लागलं पोटाला,
मीट डोळे, राजा. मी आहे उशाला.