द्वादशीची रजा

एका जंगलात, पाणवठ्याकाठच्या उंच उंबरावर, एक वानर राहत असे. नुसता राहत नसे, पहारा करीत असे. झाडावरून वानर, काठावरून टिटवी आणि टेकाडावरून मोर, असे तिघे मिळून वाघावर नजर ठेवीत. वाघ दिसला की ओरडायचे. ओरड नाही म्हणजे बाकीच्यांनी खुशाल पाणी प्यायचे, एवढा साधा कायदा. आता बाळांनो, हा वाघ मोठा सोवळ्याचा. एकादशी आणि शिवरात्र कडकडीत पाळायचा, त्या दिवशी पंजाला रक्त लागू द्यायचा नाही. म्हणून ते दोन दिवस पहाऱ्याला सुट्टी. एरवी कुणाला रजा हवी असेल, तर त्याने बाकीच्या दोघांना सांगून जावे, अशी रीत होती.

माघ सरत आला आणि वानर बोटांवर तिथ्या मोजू लागला. एकादशीची सुट्टी, शिवरात्रीची सुट्टी. मधल्या द्वादशी-त्रयोदशीला रजा टाकली की सगळे दिवस सलग मोकळे. डोंगरावरच्या देवळाशी तेव्हा कवठांचा आणि रताळ्यांचा नुसता खच पडतो. पण विचारायला जावे, तर मोर हटकून म्हणणार, "मलाही तेच दिवस हवेत." त्यापेक्षा गुपचूप निघावे हे बरे. वानरीने पोराला पोटाशी घेत विचारले, "अहो, पण मागे बघायला कोण?"

"टिटवी आहे, मोर आहे. ते काय झोपा काढतात?"

"त्यांना सांगितलंत का?"

"तू फार चौकशा करतेस. आणि माझ्या आईला यातलं काही बोलू नकोस. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, साऱ्या रानाला सांगत सुटेल." एवढे बोलून स्वारी फांद्यांवरून पसार झाली.

द्वादशीला सकाळी वानर देवळाच्या पायरीवर कवठ फोडीत बसला होता. सहज वर पाहतो, तर भिंतीवर मोर, पिसारा फुलवून. वानराच्या हातातले कवठ निसटले. "मोरोबा, तुम्ही इथे कसे?"

मोराचा पिसारा झरकन मिटला. "तुम्ही दोघं आहात म्हणून आलो मी. टिटवी तरी आहे ना तिथे?"

तेवढ्यात कुंडाकडून ओल्या पायांनी टिटवीच चालत आली. दोघांना पाहून तिची चोच उघडी ती उघडीच राहिली. "अगं बाई, मला वाटलं तुम्ही दोघं..." खाली मंडपात एकादशीचे उपाशी भक्त पारण्याच्या पानांवर तुटून पडले होते. वानर त्यांच्याकडे बघत राहिला आणि ताडकन उठला. काल वाघानेही उपास धरला होता. उपास धरणारा दुसऱ्या दिवशी सोडतो, हे या तिथ्या मोजणाऱ्या शहाण्याच्या डोक्यातच आले नव्हते.

धापा टाकीत तो पाणवठ्यावर पोचला. काठावरचे गवत ओढत नेल्यासारखे लोळले होते आणि चिखलात वाघाची पावले रुतली होती. उंबराच्या शेंड्यावर वानरी पोराला घट्ट आवळून बसली होती. पोर जिवंत आहे हे पाहून त्याने निःश्वास सोडला. मग इकडेतिकडे पाहिले. "आई कुठे आहे?"

वानरी खालच्या आवाजात म्हणाली, "पोराला घेऊन पाण्यावर गेल्या होत्या. मी जरा थांबा म्हटलं. त्या म्हणाल्या, ओरड नाही, मग भ्यायचं कशाला? माझा लेक बसलाय पहाऱ्याला. तुम्ही गेलात हे मी सांगितलं नव्हतं. तुम्हीच नको म्हणाला होतात. वाघाने झेप घेतली तेव्हा पोराला तेवढं त्यांनी माझ्याकडे वर फेकलं."

तात्पर्य : सुट्टीला जोडून रजा खुशाल घ्यावी, पण आपल्या जागी कोण उभे राहणार, हे तोंडाने विचारून मगच पाऊल उचलावे. 'कुणीतरी असेलच' असे जिथे सगळेच म्हणतात, तिथे कुणीही नसते.