अखंड नंदादीपाची राखण

"मग द्यायचं की नाही त्यांच्या ताब्यात, तेवढं सांगा, सर."

प्रियंवदा अजून उंबऱ्याबाहेरच होती. हातात हेल्मेट, एक चप्पल पायातच राहिलेली.

हिरेमठ सर नंदादीपाची काजळी काढत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"दुसरी पण काढ, मगदूम. मग बोल."

लग्नाला चार वर्षं झाली होती, आडनाव बदललं होतं, मुलगी रेणू चौदा महिन्यांची झाली होती. सरांच्या हजेरीपटावर मात्र ती अजून मगदूमच होती. तंत्रनिकेतनात त्यांनीच तिला कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते टेकडीवरच्या या मठात येऊन राहिले. इथल्या नंदादीपाची राखण त्यांच्या घराण्याकडे होती. वाडीतले लोक त्यांना स्वामी म्हणत. तिला ते काही जमलं नव्हतं.

ती चटईवर बसली. फोन पाहिला. रेंज नव्हती.

"पाळणाघरातून फोन आला तर..."

"तर लागणार नाही," सर म्हणाले. "बोल."

तालुक्याच्या रक्तपेढीचे कॉम्प्युटर ती गेली सहा वर्षं सांभाळत होती. कुठल्या पिशवीत कुठल्या गटाचं रक्त, दिलं कुणी, तपासणीत काय निघालं, सगळं एका खोलीतल्या दोन सर्व्हरवर. त्या खोलीची किल्ली तिच्या पर्समध्ये असायची, डायपरच्या शेजारी.

गेल्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका दवाखान्यात कुणीतरी बाहेरून शिरलं आणि सगळ्या कॉम्प्युटरांना कुलूप घालून बसलं. तीन दिवस तिथला कारभार कागदावर चालला. तेव्हापासून रक्तपेढीचे प्रमुख डॉक्टर शहापुरे यांनी धोशा लावला होता. सगळं एका बाहेरच्या कंपनीकडे सोपवू. माहिती क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या दूरच्या यंत्रांवर, आणि रात्रंदिवस पहाराही त्यांचाच.

आज पाच वाजता तिनं हो की नाही ते सांगायचं होतं. नाही म्हणालीस तर काही झाल्यास जबाबदार मी, असं लिहून दे, हेही ते हसत हसत बोलले होते. त्या हसण्यानं तिची दोन रात्रींची झोप गेली होती. तशी ती मुलीनंही घालवलीच असती म्हणा.

"कंपनी वाईट आहे?" सरांनी विचारलं.

"नाही, सर. चांगली आहे. मी त्यांना त्रेसष्ट प्रश्न पाठवले होते."

"आणि?"

"त्रेसष्टच्या त्रेसष्ट उत्तरं आली. त्याचीच जास्त भीती वाटते."

सरांनी काजळीची बोटं फडक्याला पुसली.

"त्यांना आमच्या रक्तपेढीचं काय पडलंय, सर? त्यांच्याकडे अशा दोनशे संस्था असतील. आमची त्यातली एक ओळ. इकडे एका पिशवीचा गट चुकला तर माणूस जातं."

"तुला पडलंय."

"हो." ती ताठ झाली. "सहा वर्षांत एकदाही बंद पडू दिलं नाही मी. रेणूच्या वेळी लेबर रूममधून फोनवर सर्व्हर चालू करून दिलाय. डॉक्टरीणबाई ओरडत होत्या, जोर लावा, जोर लावा. मी म्हटलं, एक मिनिट."

एरवी सांगताना वाटायचं तेवढं हे आता तिला शूरपणाचं वाटलं नाही.

"मुख्य पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला."

"आणि?"

"मलाच, सर. कुठे लिहिलेला नाही. लिहिला की फुटतो. इथे असतो." तिनं कपाळाला बोट लावलं.

सरांनी त्या कपाळाकडे पाहिलं. मग शेजारच्या हेल्मेटकडे.

"घाटात खडी पडली आहे म्हणे."

"सावकाश आले, सर."

"हं..."

ते उठले. गाभाऱ्यात उजेड यायला खिडकी नव्हती. कोनाड्यातल्या त्या एका ज्योतीनंच पिंडीचा काळा दगड दिसत होता. लहानपणी आजीबरोबर आली तेव्हापासून प्रियंवदा ऐकत आली होती, की हा दिवा सात पिढ्या विझलेला नाही.

सरांनी दोन बोटं ओली केली आणि वात चिमटली.

दिवा गेला.

प्रियंवदाला आधी काही कळलंच नाही. मग तेलाचा करपट वास आला.

"सर... हे काय केलंत?"

"विझवला."

ते परत येऊन भिंतीला टेकून बसले, हात मांडीवर ठेवून. जणू काही झालंच नव्हतं.

ती उठली. कोनाड्यात काडेपेटी होती. तिनं ती उचलली.

"ठेव."

"काडेपेटी आहे की, सर. लावते पटकन. कुणी बघायच्या आत."

"काडीनं दिवा लागेल," सर म्हणाले. "हा लागणार नाही."

तिनं काडेपेटी ठेवली. सर्व्हर नवे कितीही आणता येतात, आतली माहिती नाही, हे तिला सांगायला नको होतं.

"मग आता?"

"आता बघायचं."

"तुम्ही काही करणार नाही?"

"विझला की मी मेलो, असं धरायचं. इथली रीत आहे. मेलेल्याला उठता येत नाही, सांगता येत नाही."

"पण तुम्ही आत्ता बोलताय."

"तू वाडीतली नाहीस," सर म्हणाले, आणि गप्प झाले.

मठाच्या दारातून सरळ खाली वाडीचं पहिलं घर दिसत होतं. अंगणात मिरच्या वाळत होत्या. कुणी नव्हतं. प्रियंवदानं घड्याळ पाहिलं. बारा वाजून पाच मिनिटं.

आता रेणूला वरणभात देत असतील. पाळणाघरातल्या मावशींना तिनं तीन पानी सूचना लिहून दिल्या होत्या, खाली रेघा मारून. मावशींनी त्या घडी करून डब्याखाली ठेवल्या होत्या. वाचल्या असतील का? नसतील. आणि वाचल्या असतील तर मावशी तिला काय म्हणत असतील...

बारा अकरा. अंगणात अजून कुणी नाही.

"कुणी आलंच नाही तर, सर?"

सर मेलेले होते.

बारा चौदाला खालच्या घरातून एक बाई बाहेर आली. सवयीनं मठाकडे पाहिलं. थांबली. डोळ्यांवर हात धरून पुन्हा पाहिलं, आणि पदर खोचत चढण चढू लागली.

"काय वो स्वामी, आज बी?" ती दारातूनच बोलली. हाताला पीठ होतं. "भाकरी तव्यावर टाकून आले मी. जरा येळ बघून तरी मरत जावा की."

सरांनी डोळे मिटून घेतले.

"ही कोण?" तिनं प्रियंवदाकडे हनुवटी उडवली.

"मी... त्यांची विद्यार्थिनी."

"बस मग. मी गंगाक्का. आज बघायची पाळी माझी. मेल्याला राखत बस."

ती आली तशी निघाली, पण घराकडे नाही, ओढ्याच्या बाजूनं. प्रियंवदा दारापर्यंत मागे गेली.

"कुठे निघालात, अक्का?"

"मायाप्पाकडं. पलीकडच्या वस्तीत. दर अवसेला हितली ज्योत न्हेऊन एका घरी ठेवत्यात. ह्या म्हैन्याला त्याच्याकडं हाय." ती चालता चालताच बोलत होती. "एका जागी आग ठेवून कसं भागंल, बाई."

ती दिसेनाशी झाली.

प्रियंवदा परत येऊन बसली. अंधारात पिंडी दिसत नव्हती. सरांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. तिनं फोन उजव्या कोपऱ्यात धरून पाहिला, डाव्या कोपऱ्यात धरून पाहिला. मग ठेवून दिला. एवढा वेळ काहीही न करता ती बसली होती, असं शेवटचं कधी झालं होतं, ते तिला आठवेना.

गंगाक्का आली ती हातात पेटता कंदील घेऊन. भर उन्हात. कपाळावरून घाम निथळत होता. कुणाला काही न विचारता ती कोनाड्याशी गेली, जुनी वात काढली, नवी घातली, कंदिलावरून ज्योत घेतली.

पिंडी पुन्हा दिसू लागली.

सरांनी डोळे उघडले. "उशीर झाला."

"मायाप्पाच्या दाराला कुलूप. समदी शेतावर." गंगाक्का पायरीवर बसून दम खात होती. "हाका मारमारून घसा सुकला. मग धाकटी सून बांधावरनं पळत आली किल्ली घेऊन."

"किल्ली एकच?"

"एकच. दुसरी शेजारी ठेवाय सांगते त्यास्नी. मागल्या खेपंला तेल न्हवतं, ह्या खेपंला किल्ली न्हाई. तुम्ही मेल्याबगर ह्यास्नी कळत न्हाई बघा."

ती कंदील घेऊन उतरू लागली. भाकरीचा कोळसा झाला असणार, हे तिनं खालपर्यंत वाडीला ऐकवलं.

प्रियंवदा ज्योतीकडे बघत होती.

"सर, लोक म्हणतात सात पिढ्या अखंड आहे."

"आहे."

"तुम्ही तर विझवता."

"वर्षातून तीनचारदा. कधी ते सांगत नाही."

"मग अखंड कसा?"

"म्हणूनच."

प्रियंवदानं पुन्हा घड्याळ पाहिलं.

"किती मिनिटं लागली?" सरांनी विचारलं.

"एकावन्न."

"त्या कंपनीला किती लागतील?"

"करारात चार तास लिहिलंय."

"करून दाखवलंय?"

त्रेसष्ट प्रश्न तिच्या डोळ्यांसमोरून गेले. त्यात हा नव्हता.

"नाही... मी विचारलं नाही."

"आणि तुला किती लागतील?"

"मी रोज बॅकअप घेते, सर. सगळ्याची रोज एक प्रत. एक दिवस चुकवलेला नाही."

"ते नाही विचारलं."

रोजची एक, अशा सहा वर्षांच्या प्रती. त्यातली एकही तिनं कधी परत चढवून पाहिली नव्हती. उघडतात की नाही, हेही तिला माहीत नव्हतं. आणि त्या होत्या कुठे, तर त्याच खोलीत, सर्व्हरच्या डोक्यावरच्या फळीवर.

त्या दवाखान्याची बातमी वाचताना वाटली होती तशीच भीती वाटली, पण या वेळी ती बाहेरून आलेली नव्हती.

"म्हणजे त्यांच्याकडेच देऊ?" ती म्हणाली. "माझ्यापेक्षा तेच बरे?"

सर उठून तेलाची बुधली शोधू लागले.

"की माझ्याकडेच ठेवू? आता कळलंय तर मी सगळं नीट करीन, सर. आजपासूनच. मी स्वतः..."

सरांनी दिव्यात तेल घातलं. थेंबही सांडला नाही.

"सर, पाच वाजता मला उत्तर द्यायचंय. हो म्हणू की नाही म्हणू?"

"काहीही म्हण," सर म्हणाले. "त्याआधी, तू आजारी कधी पडायचंस, ते ठरव. आणि कुणाला सांगू नकोस."